टक्के कशाचे, कितीपैकी किती?

या महिन्याच्या पत्रांतून सात प्रश्न निवडले आहेत. कर्ज, फवारणी, तपासणी, जमीन असे विषय वेगवेगळे असले तरी बहुतेक ठिकाणी अडचण एकच आहे. अपूर्णांकातला वरचा आकडा सगळे पाहतात आणि खालचा, म्हणजे शाळेतला छेद, राहून जातो. उत्तरांत आकडेमोड पूर्ण दिली आहे. कागद-पेन्सिल घेऊन सोबत करून पाहा, तरच ती हाताला बसेल.

दुचाकीसाठी १ लाखाचं कर्ज हवं आहे. शोरूममध्ये १० टक्के 'फ्लॅट' सांगतात, पतसंस्था १४ टक्के म्हणते. मुदत दोन्हीकडे ३ वर्षं. शोरूमचं कर्ज स्वस्त ना?
— वाचक, कराड

नाही, शोरूमचं महाग आहे आणि फरक किरकोळ नाही.

फ्लॅट दरात व्याज तिन्ही वर्षं पूर्ण १ लाखावर लावतात. वर्षाला १०,००० म्हणजे तीन वर्षांचे ३०,०००. १,३०,००० ला ३६ नं भागलं की हप्ता येतो ३,६११ रुपये. या हप्त्यात मुद्दल २,७७८ आणि व्याज ८३३. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे लाखभर रुपये असतात, तेव्हा ८३३ व्याज समजू शकतो. पण शेवटच्या महिन्यात देणं उरतं अवघं २,७७८ रुपये आणि व्याज तरीही ८३३ च. फेडलेल्या पैशांवरही व्याज चालूच राहतं, ही यातली मेख आहे.

पतसंस्थेचे १४ टक्के घटत्या शिलकीवर असतील (हे विचारून खात्री करून घ्याच), तर हप्ता येतो ३,४१८ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज १,१६७, म्हणून मुद्दलातून २,२५१ वजा. दुसऱ्या महिन्याचं व्याज उरलेल्या ९७,७४९ वर, म्हणजे १,१४०. असं दर महिन्याला व्याज उतरत जातं आणि तीन वर्षांत एकूण सुमारे २३,००० भरता. शोरूमकडे ३०,०००. फरक ७,००० चा.

दोन्ही दर एकाच मापात आणायचे तर शोरूमचे १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे १७.९ टक्के. काउंटरवर उभ्या उभ्या अंदाज घ्यायचा असेल, तर फ्लॅट दराला १.८ नं गुणा. वर्षापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीला हा अंदाज पुरेसा चालतो. मोबाइलवर एक्सेल किंवा गूगल शीट्स असेल तर 'रेट' हे सूत्र वापरा. त्यात क्रमानं हप्त्यांची संख्या ३६, हप्ता उणे ३६११ आणि कर्ज १००००० द्या. येणारा आकडा महिन्याचा दर असतो, त्याला १२ नं गुणा. हप्त्याच्या आधी उणे चिन्ह राहिलं तर सूत्र चूक दाखवतं. बहुतेक लोक तिथेच अडकून सोडून देतात.

प्रक्रिया शुल्कही मोजा. कर्जातून २,५०० आधीच कापले, तर हातात ९७,५०० येतात आणि हप्ता मात्र तोच राहतो. मग खरा दर १७.९ वरून १९.७ च्या आसपास जातो. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात शुल्कासकटचा वार्षिक दर, एपीआर, लिहिलेला असतो. तुलना त्या एका आकड्यानं करा. विक्रेता तोंडी काय सांगतो ते बाजूला ठेवा.

दुकानात '५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के' लिहिलंय. म्हणजे ७० टक्के ना?
— वाचक, नाशिक

६० टक्के. १,००० ची वस्तू आधी ५०० ला येते. पुढचे २० टक्के त्या ५०० चे, म्हणजे १०० रुपये. बिल ४०० चं. सुटीची बेरीज करायची नसते. उरलेल्या किमतींचा गुणाकार करायचा: ०.५ × ०.८ = ०.४. याच कारणानं १०० रुपयांचा भाव २० टक्के वाढून पुन्हा २० टक्के उतरला, तर मूळ जागी येत नाही, ९६ वर येतो.

आरोग्य शिबिरात केलेल्या एका तपासणीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. चाचणी ९५ टक्के अचूक आहे म्हणतात. म्हणजे आजार असण्याची शक्यता ९५ टक्के? घरात सगळे धास्तावले आहेत.
— वाचक, अकोला

तुमच्या घरची धास्ती आम्ही समजू शकतो. म्हणूनच हे उत्तर जरा सावकाश वाचा.

'९५ टक्के अचूक' या शब्दांत दोन वेगळे आकडे दडलेले असतात. आजारी असलेल्या १०० जणांपैकी किती जणांना चाचणी बरोबर पकडते, हा एक. आणि निरोगी १०० जणांपैकी किती जणांना ती निरोगी म्हणते, हा दुसरा. दोन्ही ९५ धरू. या दोन्हींपैकी कुठलाही आकडा तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. तुमचा प्रश्न असा आहे: पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती? इथे छेद बदलला. त्यासाठी तिसरा आकडा लागतो, तो म्हणजे ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात आजार मुळात किती आहे.

समजा, कुठलीही लक्षणं नसलेल्या माणसांत तो १०० त १ आहे. टक्के बाजूला ठेवून माणसं मोजू. १०,००० जणांची तपासणी झाली. त्यात आजारी १००, पैकी ९५ पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांच्यातले ५ टक्के चुकून पॉझिटिव्ह, म्हणजे ४९५. एकूण पॉझिटिव्ह ५९० आणि त्यांत खरे आजारी ९५. म्हणजे शंभरात १६. चाचणी वाईट आहे म्हणून असं होत नाही. निरोगी माणसं इतकी जास्त आहेत, की त्यांच्यातली थोडी चूकसुद्धा संख्येनं मोठी होते.

आता हाच हिशेब लक्षणं घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या माणसांसाठी करा. त्यांच्यात आजार १०० त ३० असेल, तर १०,००० पैकी ३,००० आजारी, पॉझिटिव्ह २,८५०. निरोगी ७,०००, चुकून पॉझिटिव्ह ३५०. आता ३,२०० पैकी २,८५० खरे, म्हणजे शंभरात ८९. तीच चाचणी, तोच कागद आणि अर्थ मात्र पार वेगळा. तुम्हाला त्रास होत होता का, घरात कुणाला हा आजार आहे का, वय किती, हे डॉक्टर विचारतात ते या तिसऱ्या आकड्यासाठीच.

म्हणून अहवाल दुर्लक्षू नका आणि त्यावर निकालही लावू नका. डॉक्टरांना विचारा: खात्रीची पुढची चाचणी कोणती? ती वेगळ्या पद्धतीची असलेली बरी. तीच चाचणी पुन्हा केली आणि पहिल्या वेळी चूक तुमच्या शरीरातल्याच एखाद्या कारणानं झाली असेल, तर दुसऱ्यांदाही तीच चूक होईल. पद्धत वेगळी आणि तीही ९५ टक्क्यांची असेल, तर दोन्हींत पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे आजारी शंभरात ७८ निघतात. शिबिरात निगेटिव्ह आलेल्यांसाठी एक दिलासा: वरच्या पहिल्या हिशेबात ९,४१० निगेटिव्हांत आजारी फक्त ५ आहेत.

कीटकनाशकाच्या लेबलवर एकरी २०० मिली लिहिलंय. दुकानदार १५ लिटरच्या पंपाला १५ मिली सांगतो. तसं करूनही कीड जात नाही.
— वाचक, जालना

दुकानदाराचा हिशेब एकरी २०० लिटर पाणी धरून आहे. २०० लिटरला २०० मिली, म्हणजे लिटरला १ मिली, म्हणून पंपाला १५. पण एकराला तुमचे पंप किती लागतात? ८ लागत असतील, तर पाणी १२० लिटर आणि औषध १२० मिलीच पडलं. शिफारशीच्या ४० टक्के कमी. अशा अर्धवट मात्रेतून जी कीड वाचते तिची पुढची पिढी त्याच औषधाला दाद देईनाशी होते. हे नुकसान एका हंगामापुरतं राहत नाही.

आपण एकरी किती पाणी मारतो ते मोजायची पद्धत अशी. शेतात ३३ फूट बाय ३३ फूट जागा दोरीनं आखा. हा १ गुंठा. पंपात साधं पाणी मोजून १० लिटर भरा. नेहमीच्या चालीनं, नेहमीच्या दाबानं तेवढी जागा फवारा. उरलेलं पाणी मापानं मोजा. ७ लिटर उरलं तर गुंठ्याला ३ लिटर लागलं. एकरात ४० गुंठे, म्हणून एकरी १२० लिटर. मोजमापात पाव लिटरची चूक झाली तर ४० पटीनं ती १० लिटर होते. म्हणून तीनदा करून सरासरी घ्या. मोजतोय म्हणून माणूस नकळत हळू चालतो, तेवढं टाळा.

आता पंपात २५ मिली टाकून (२०० भागिले ८) मात्रा पुरी होईल. पण लेबलवर पाण्याचं प्रमाणही दिलेलं असतं, ते आधी वाचा. तिथे २०० लिटर असेल, तर चाल कमी करून किंवा नोझल बदलून पाणी वाढवणं हाच आमच्या मते योग्य मार्ग. दाट द्रावणानं पान करपू शकतं आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचत नाही, जिथे कीड बसलेली असते. पीक वाढलं की मोजणी पुन्हा करा, पाणी वाढतं. लेबलवर मात्रा हेक्टरी असेल तर २.४७ नं भागून एकरी काढा. हेक्टरी ५०० मिली म्हणजे एकरी २०० च्या जरा वर. काही औषधांवर मात्रा थेट लिटरमागे दिलेली असते, तिथे लिटरचाच हिशेब पाळा.

जाताना ताशी ६० नं गेलो, येताना ४० नं. सरासरी ५० ना? मुलगा नाही म्हणतो.
— वाचक, रत्नागिरी

मुलगा बरोबर आहे. १२० किलोमीटरचं अंतर धरा. जाताना २ तास, येताना ३ तास. २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे ताशी ४८. हळू प्रवासात वेळ जास्त जातो, म्हणून त्याचं वजनही जास्त पडतं.

मायलेजमध्येही हीच चूक होते. घरात १२ ची मोटार आणि ४५ ची स्कूटर आहे, दोन्ही वर्षाला ६,००० किलोमीटर चालतात. स्कूटर बदलून ६० ची घेतली तर पेट्रोल १३३ लिटरवरून १०० लिटरवर येतं, ३३ लिटर वाचलं. मोटार बदलून १५ ची घेतली तर ५०० वरून ४००, म्हणजे १०० लिटर वाचलं. १५ च्या वाढीपेक्षा ३ ची वाढ तिप्पट कामाची ठरते. लिटरला किती किलोमीटर असं न विचारता १०० किलोमीटरला किती लिटर असं विचारा, मग फसगत होत नाही.

मुलीसाठी स्थळं पाहतो आहोत. पहिली ३७ टक्के नाकारून मग निवडावं, असा गणिताचा नियम असल्याचं वाचलं. तो खरा आहे का?
— वाचक, पुणे

गणित म्हणून खरा आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. स्थळं किती येणार ते आधी माहीत हवं. ती एकामागून एक यायला हवीत आणि एकदा नाही म्हटलं की परत जाता येऊ नये. आणि सर्वांत उत्तम तेच मिळालं तर यश, दुसऱ्या क्रमांकाचं मिळालं तरी अपयश. एवढं सगळं मानलं, तर पहिली ३७ टक्के फक्त पाहायची आणि नंतर त्या सगळ्यांपेक्षा सरस असं पहिलं येईल ते घ्यायचं.

१० स्थळं धरून पाहू. पहिली ३ नाकारली, तर उत्तम स्थळ मिळण्याची शक्यता ३९.९ टक्के. पण उत्तम स्थळ पहिल्या तिघांतच असण्याची शक्यता ३० टक्के आहे. तसं झालं तर पुढे कुणीच त्याहून सरस येत नाही आणि शेवटी दहावं जे असेल ते पदरात पडतं. त्याऐवजी पहिली २ च नाकारली, तर उत्तम मिळण्याची शक्यता ३६.६ टक्के होते आणि शेवटचं गळ्यात पडण्याची भीती २० टक्क्यांवर येते. सव्वातीन टक्के सोडून दहा टक्के धोका कमी होतो. कुठल्याही आईबापानं हा सौदा पसंत करावा असं आम्हाला वाटतं.

शिवाय समोरचेही नाही म्हणू शकतात, हे ३७ च्या नियमात धरलेलंच नाही. निम्म्या वेळा नकार येतो असं धरून हिशेब केला, तर पाहण्याचा टप्पा ३७ वरून २५ टक्क्यांवर येतो. जिथे नकाराची शक्यता आहे तिथे लवकर मन पक्कं करावं लागतं.

खगोलशास्त्रज्ञ केपलर यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर ११ स्थळं पाहिली आणि अखेर पाचवं निवडलं. तिथे स्थळाकडे परत जाता आलं. तुम्हालाही बहुधा येईल, आणि परत जाता येत असेल तर नाकारण्याचा नियम लावूच नका. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर मुलीनं तिच्या मनातल्या तीन अटी कागदावर लिहाव्यात: नोकरीचं गाव, घरातली माणसं, स्वभाव, जे तिला महत्त्वाचं वाटेल ते. तिन्हीत बसणारं पहिलं स्थळ आलं की तिथे थांबावं. निर्णय तिचा आहे, तेव्हा पेनही तिच्याच हातात असावं.

बिनशेतीचा चौकोनी प्लॉट घेतोय. बाजू ६०, ८०, ६५ आणि ७५ फूट. एजंटानं समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला आणि साडेचार गुंठ्यांचे पैसे मागतो. बरोबर आहे का?
— वाचक, अहिल्यानगर

एजंटाची रीत फार जुनी आहे. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये ती दिली आणि तिला स्थूल, म्हणजे ढोबळ फळ म्हटलं. या रीतीनं उत्तर नेहमी खऱ्याइतकं किंवा त्याहून जास्त येतं, कमी कधीच येत नाही. चारही कोन काटकोनी असतील तरच ती बरोबर. म्हणजे चूक होते ती कायम विकत घेणाऱ्याच्या अंगावर.

मुळात चार बाजूंवरून क्षेत्रफळ ठरतच नाही. चार काठ्या खिळ्यांनी जोडून चौकट करा आणि एका बाजूला कलती करा. बाजू त्याच राहतात, आतली जागा आकसते. प्रत्येक बाजू १०० फूट असेल, तर क्षेत्र १०,००० चौरस फूट असू शकतं. तीच चौकट कलून एक कर्ण ६० फूट झाला, तर ५,७२४ च उरतं. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी ११५० मध्ये हे बजावून सांगितलं आहे. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटलंय, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं.

तुम्हाला एकच माप जास्त हवं: कर्ण. ६० आणि ८० च्या बाजू ज्या खुंट्यावर मिळतात तो सोडा आणि त्या दोन बाजूंची मोकळी टोकं टेपनं जोडा. समजा, ते १२० फूट भरलं. प्लॉटचे दोन त्रिकोण झाले. पहिल्याच्या बाजू ६०, ८०, १२०. बेरीज २६०, तिचं निम्मं १३०. १३० मधून एकेक बाजू वजा करा: ७०, ५०, १०. आता १३० × ७० × ५० × १० = ४५,५०,०००. याचं वर्गमूळ २,१३३ चौरस फूट. दुसरा त्रिकोण ६५, ७५, १२०. निम्मी बेरीज पुन्हा १३०, वजाबाक्या ६५, ५५, १०. गुणाकार ४६,४७,५००, वर्गमूळ २,१५६. एकूण ४,२८९ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणून ३.९४ गुंठे.

एजंटाचा हिशेब: ६२.५ × ७७.५ = ४,८४४ चौरस फूट, ४.४५ गुंठे. तोच पुढे साडेचार झाला. अर्ध्या गुंठ्याहून जास्त जागा कागदावरच आहे.

मोजताना काही गोष्टी सांभाळा. टेप ढिली पडली की माप जास्त दाखवते, म्हणून दोघांनी ताणून धरा. उतारावर टेप जमिनीला चिकटवून न धरता आडवी, पातळीत धरा, कारण कागदावरचं क्षेत्र सपाट मापाचं असतं. दुसरा कर्णही मोजा आणि त्यावरून पुन्हा हिशेब करा. दोन्ही उत्तरांत टक्क्याहून जास्त फरक आला, तर कुठलं तरी माप चुकलंय. मग आलेला आकडा सातबाऱ्यावरच्या आणि मंजूर रेखांकनातल्या क्षेत्राशी ताडून पाहा. तिथेही मेळ बसला नाही तर भूमी अभिलेख कार्यालयात अधिकृत मोजणीचा अर्ज करा आणि ती होईपर्यंत इसाराची रक्कम देऊ नका.